वास्कोचं देणं

वास्को-द-गामा हे नाव आपल्याला साधारण दोन ठिकाणी भेटतं. एक, शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात. तिथे तो १४९८ साली कालिकतजवळ येऊन पोचतो आणि परीक्षेतली एक रिकामी जागा भरून निघून जातो. दुसरं, रेल्वेत. पुणे, मिरज करत जाणाऱ्या गोवा एक्सप्रेसच्या पाटीवर हे नाव असतं. मुरगाव बंदराशेजारच्या त्या गावाला आपण नुसतं 'वास्को' म्हणतो, एखाद्या मित्राला हाक मारावी तसं.

मला तिसरा वास्को फुटबॉलमुळे भेटला. रिओ दि जानेरोतला वास्को द गामा हा क्लब. काळा शर्ट, खांद्यावरून तिरपा उतरणारा पांढरा पट्टा, छातीवर लाल क्रूस. वंशभेदाविरुद्ध उभा राहिलेला ब्राझीलमधला क्लब कोणता असं विचारलं, की या क्लबचं नाव हमखास घेतलं जातं.

आणि इथेच मला थांबावंसं वाटतं. हा तोच वास्को, ज्याने १५०२ च्या सफरीत मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज मलबारच्या किनाऱ्याजवळ माणसांसकट जाळलं. त्याच्यामागून आलेल्या पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि १९६१ पर्यंत सोडला नाही. अशा माणसाचं नाव छातीवर लावून कुणी समतेची गोष्ट सांगत असेल, तर ती कितपत खरी मानायची? नाव एकाचं आणि कमाई दुसऱ्याची असेल, तर ओळख कुणाची?

उत्तर शोधायचं तर आधी गोष्ट नीट सांगायला हवी.

क्लबची स्थापना २१ ऑगस्ट १८९८ ची. तेव्हा तो होड्या वल्हवण्याच्या शर्यतींचा क्लब होता. स्थापन करणाऱ्यांत बहुतेक जण पोर्तुगालहून पोटापाण्यासाठी आलेले. वास्कोच्या भारत सफरीला त्या वर्षी चारशे वर्षं पूर्ण होत होती, म्हणून त्याचं नाव दिलं. ब्राझील १८२२ मध्येच पोर्तुगालपासून स्वतंत्र झाला होता. म्हणजे नावात साम्राज्याची ऐट होती, पण ते ठेवणाऱ्यांच्या हातात साम्राज्य नव्हतं. त्यांच्या हातात दुकानाचा गल्ला होता, आणि अनेकांच्या तोही नव्हता. ते दुसऱ्याच्या दुकानात नोकरीला होते.

आणखी एक तारीख लक्षात ठेवायला हवी. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १३ मे १८८८ रोजी. अमेरिका खंडात सगळ्यांत उशिरा. वास्कोचा जन्म त्यानंतर जेमतेम दहा वर्षांनी झाला. रिओच्या रस्त्यावर तेव्हा पूर्वी गुलाम असलेली माणसं आणि त्यांचे पूर्वीचे मालक एकाच ट्राममधून जात होते. १९०४ साली या क्लबने कांदिदो जोझे दि आराउजो यांना अध्यक्ष केलं. ते गोरे नव्हते, मिश्र वंशाचे होते. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

फुटबॉल क्लबमध्ये आला १९१५ मध्ये, आणि पुढच्या वर्षी संघ सगळ्यांत खालच्या विभागात खेळू लागला. १९२२ मध्ये दुसरा विभाग जिंकला. १९२३ मध्ये, सर्वोच्च विभागातल्या पहिल्याच वर्षी, वास्को रिओचा विजेता झाला.

कुणाच्या जोरावर? गोलरक्षक नेल्सन टॅक्सी चालवायचा. सेसी घरांना रंग द्यायचा. निकोलिनो गोदीत माल चढवायचा-उतरवायचा. बोलाँव ट्रक चालवायचा. काही काळे, काही मिश्र वंशाचे, काही गोरे, पण गरीब. पोर्तुगीज व्यापारी यांना आपल्या दुकानात नोकर म्हणून दाखवायचे आणि पगार द्यायचे, म्हणजे पोरं सरावाला मोकळी. रामोन प्लातेरो हा उरुग्वेचा प्रशिक्षक त्यांच्याकडून कसून मेहनत करून घ्यायचा. समोरच्या संघांतले डॉक्टर, वकील, बड्या घरचे विद्यार्थी दुसऱ्या अर्ध्यात दमायचे. वास्कोवाले तेव्हा खरे खेळायला लागायचे.

हे पचणं अवघड होतं. १९२४ मध्ये फ्लुमिनेन्स, फ्लामेंगो, बोटाफोगो, अमेरिका आणि बांगू या पाच क्लबांनी जुनी लीग सोडून 'आमेआ' नावाची नवी संघटना काढली. वास्कोला आत यायचं असेल तर अट होती: बारा खेळाडू काढून टाका.

आता या अटीची भाषा पाहा, कारण माझ्या मते सगळी मेख तिथे आहे. 'काळ्यांना काढा' असं कुणी म्हणालं नाही. प्रश्न 'हौशी' खेळाडूचा होता. खेळाडूला प्रतिष्ठित म्हणता येईल असा उदरनिर्वाह आहे का? त्याला लिहिता-वाचता येतं का? सामन्याच्या कागदावर सही करता येते का? संघटनेचे लोक चौकशी करणार आणि ठरवणार. नियम सगळ्यांना सारखाच होता. फक्त तो ज्यांना अडवत होता ती माणसं ओळीने एकाच रंगाची आणि एकाच खिशाची निघत होती.

असे नियम आपल्या ओळखीचे आहेत. 'आवड असेल तर पैशाचं काय' म्हणत सहा महिने फुकट राबवणारी इंटर्नशिप कुणालाही अडवत नाही. फक्त ज्याच्या घरी सहा महिन्यांचं भाडं भरायला कुणी नाही, तो आपणहून गळतो. सरळ तोंडावर केलेला अपमान निदान दाखवता येतो. नियमाच्या पोटात लपलेला अपमान दाखवायला गेलं, की लोक नियमाची प्रत पुढे करतात.

वास्कोचं उत्तर ७ एप्रिल १९२४ या तारखेचं आहे. अध्यक्ष जोझे आउगुस्तो प्रेस्तेस यांच्या सहीचं, आमेआचे अध्यक्ष आर्नाल्दो गिन्ले यांना लिहिलेलं एक पानी पत्र. ब्राझीलमध्ये ते 'ऐतिहासिक उत्तर' म्हणून ओळखलं जातं. भाषा कार्यालयीन, सभ्य, थंड. आमच्या खेळाडूंच्या सामाजिक स्थितीची चौकशी ज्या पद्धतीने झाली ती आम्हाला मान्य नाही, कारण त्या न्यायासनापुढे त्यांचं ना कुणी प्रतिनिधी होतं ना कुणी बाजू मांडणारा. ज्यांनी आम्हाला १९२३ चं विजेतेपद मिळवून दिलं त्यांना तुमच्या संघटनेत येण्याच्या हौसेपायी बळी देणं आम्हाला शोभणार नाही. हे बारा जण तरुण आहेत, नुकती सुरुवात करताहेत. त्यांच्या नावाला डाग लागेल असं कृत्य, ज्या घराने त्यांना आसरा दिला ते घर करणार नाही. सबब आम्ही तुमच्यात येत नाही.

मला या पत्रातलं सगळ्यांत आवडतं ते हे, की त्यात मोठं तत्त्वज्ञान नाही. 'सर्व मानव समान आहेत' असं एक वाक्य नाही. 'वंश' हा शब्दही नाही. मुद्दा एवढाच आहे की ही आमची माणसं आहेत, आणि तुम्ही त्यांचं ऐकून न घेता निकाल दिलात.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. ती न सांगता पत्राचं कौतुक करणं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचा प्रेरणादायी फॉरवर्ड.

पहिली गोष्ट, काळ्या खेळाडूला संघात घेणारा वास्को काही पहिला नव्हे. रिओच्या बांगू भागातल्या कापडगिरणीच्या क्लबातून फ्रान्सिस्को कारेगाल १९०५ मध्येच खेळला होता. आणि तोच बांगू १९२४ मध्ये आमेआच्या संस्थापकांत होता. दुसरी गोष्ट, पत्राची सुरुवात बारा खेळाडूंपासून होत नाही. ती होते क्लबच्या स्वतःच्या गाऱ्हाण्यापासून: संस्थापक क्लबांना खास हक्क का, मतदानात आम्ही खालच्या पायरीवर का, आमचं मैदान साधं आहे म्हणून आम्ही कमी का. खेळाडू येतात ते त्यानंतर. तिसरी गोष्ट, हे बारा जण काढले असते तर विजेता संघच उरला नसता. म्हणजे तत्त्व आणि फायदा एकाच बाकावर बसलेले होते. आणि चौथी, वर्षभराने, १९२५ मध्ये, वास्को आमेआत गेलाच. खेळाडू सोबत घेऊन गेला, पण चौकशीची पद्धत काही मोडून पडली नाही. खेळाडूंना फॉर्म भरता यावा, सही करता यावी म्हणून क्लबने त्यांना लिहायला शिकवलं, अशा गोष्टी मारिओ फिल्यो या पत्रकाराने ब्राझिली फुटबॉलमधल्या काळ्या माणसावर १९४७ साली लिहिलेल्या पुस्तकात आहेत.

तर मग हे धैर्य होतं की धंदा?

इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली एका दुकानदाराचं उदाहरण दिलंय. हा दुकानदार कुणालाच जास्त भाव लावत नाही. लहान मूल आलं तरी त्याला योग्य भावातच माल देतो. चांगलंच आहे. पण तो असं का करतो? गिऱ्हाईक टिकावं म्हणून. मग कांट म्हणतो, त्याची कृती कर्तव्याला धरून आहे, पण कर्तव्यापोटी केलेली नाही. म्हणून तिला खरं नैतिक मोल नाही. योगायोग असा, की वास्कोच्या मागे उभे असलेले लोकही दुकानदारच होते.

कांटचा युक्तिवाद मला हलवता येत नाही, पण वास्कोला तो पुरता लागू होतो असंही वाटत नाही. कारण कांटच्या दुकानदाराचा फायदा एकाच दिशेला आहे. रिओतल्या या दुकानदारांचा दोन दिशांना होता. खेळाडू ठेवले तर संघ टिकणार, हा एक फायदा. पण खेळाडू काढले असते तर? वर्षानुवर्षं ज्यांना शहरातल्या बड्या लोकांनी वाणी-बेकरीवाले म्हणून बाजूला ठेवलं, त्यांना एकदाचं त्या बड्यांच्या पंगतीत पान मिळणार होतं. मोठे सामने, मोठी गर्दी, मोठ्या लोकांशी ऊठबस. स्थलांतरित माणसाला याचं आकर्षण किती असतं हे वेगळं सांगायला नको. अशा वेळी नवी प्रतिष्ठा मिळवायचा सगळ्यांत जुना मार्ग म्हणजे आपल्याहून खालच्याला ढकलून द्यायचं. तुम्ही मला पायरीवर घ्या, मी याला उतरवतो. जगभर हे असंच चालत आलंय, आपल्याकडेही.

फायदा जेव्हा दोन्ही बाजूंना ओढतो, तेव्हा 'त्यांनी फायदा पाहून निर्णय घेतला' या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. कुठला फायदा निवडला हे मग महत्त्वाचं होतं. आणि ती निवड माणसाबद्दल काहीतरी सांगते.

आणखी एक. हेतूच्या शुद्धतेचा प्रश्न कुणाला पडतो? मला पडतो, तुम्हाला पडतो, निवांत मोबाइलवर वाचणाऱ्या माणसाला पडतो. टॅक्सी चालवणाऱ्या नेल्सनला तो पडला असता का? त्याला एवढंच हवं होतं की यादीतून आपलं नाव खोडलं जाऊ नये. खोडणाऱ्याचं किंवा न खोडणाऱ्याचं मन किती निर्मळ होतं, ही चैन त्याला परवडणारी नव्हती. नीतीचा विचार करताना आपण करणाऱ्याच्या मनात फार डोकावतो. ज्याच्यावर परिणाम होणार त्याच्या जागेवर जाऊन बसत नाही.

पण माझा खरा मुद्दा याच्याही पुढे आहे. समजा, १९२४ चा हेतू भेसळीचाच होता. तरी शब्द देऊन झाला होता. आणि दिलेल्या शब्दाची एक गंमत असते. तो ज्या मनाने दिला ते मन निघून जातं, माणसं मरतात, शब्द मात्र पुढच्यांना बांधून ठेवतो. बापाने गावासमोर कबूल केलेलं देणं मुलाला 'तेव्हा बाबांच्या मनात काय होतं कोण जाणे' म्हणून टाळता येत नाही. वास्कोची ओळख मला अशी वाटते. लोक तिला वारशाने आलेलं धन समजतात. मला ती देणं वाटते, जे प्रत्येक पिढीला आपापल्या हप्त्यात फेडावं लागतं. काही हप्ते भरले गेले, काही थकले.

साओ जानुआरिओ हे स्टेडियम मी भरलेल्या हप्त्यांत धरतो. 'तुमचं मैदान धड नाही' हा आक्षेप होता ना? समर्थकांनी वर्गणी काढली, आणि साधारण दहा महिन्यांत बांधलेलं स्टेडियम २१ एप्रिल १९२७ रोजी उघडलं. ब्राझीलमधलं तेव्हाचं सगळ्यांत मोठं. उद्घाटनाचा सामना वास्को सांतोसकडून ५–३ असा हरला, ते सोडा. याच स्टेडियमवर १ मे १९४० रोजी जेतुलिओ वार्गास यांनी देशातल्या पहिल्या किमान वेतनाची घोषणा केली. वार्गास तेव्हा हुकूमशहा होते, हेही त्याच वाक्यात लिहायला हवं. इतिहास असा कधीच धुतलेल्या कपड्यांत भेटत नाही.

मोआसिर बार्बोझा हा दुसरा हप्ता. वास्कोचा काळा गोलरक्षक, १९४८ मध्ये सान्तियागोला दक्षिण अमेरिकेतल्या विजेत्या क्लबांची स्पर्धा जिंकणाऱ्या संघातला. १६ जुलै १९५० रोजी माराकानावर उरुग्वेने ब्राझीलला २–१ असं हरवलं आणि विश्वचषक नेला. घिज्जाचा तो दुसरा गोल जवळच्या खांबाच्या बाजूने आत गेला, आणि सबंध देशाने खापर फोडायला बार्बोझाला निवडलं. म्हातारपणी तो म्हणायचा, या देशात सगळ्यांत मोठी शिक्षा तीस वर्षांची आहे, मी पन्नास भोगतोय. त्याच्यावर देश उलटला तेव्हा क्लबने त्याला खोडलं नाही. १९५२ चं रिओचं विजेतेपद वास्कोने त्याच्यासोबत जिंकलं. आज क्लबच्या सराव केंद्राला त्याचं नाव आहे.

आता थकलेला हप्ता. २५ ऑगस्ट २०१९. साओ जानुआरिओवर साओ पाउलोविरुद्ध सामना चालू होता. वास्कोच्याच समर्थकांनी समलैंगिकांना हिणवणाऱ्या घोषणा सुरू केल्या. इतक्या, की पंचांनी खेळ थांबवला. ज्या घराने 'आमच्या माणसांच्या नावाला डाग लागू देणार नाही' असं लिहिलं होतं, त्याच घरात, तेच रंग अंगावर घालून. पूर्वजांच्या पत्राने नातवंडं आपोआप चांगली होत नाहीत, याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा नको.

दोन वर्षांनी, जून २०२१ मध्ये, क्लबने तिरप्या पट्ट्यात इंद्रधनुष्याचे रंग असलेला शर्ट काढला आणि तसं करताना स्वतःच्या इतिहासाचा दाखला दिला. जर्मान कानो या खेळाडूने गोल केला, धावत जाऊन कोपऱ्यातला इंद्रधनुषी झेंडा उपसला आणि वर धरला. पंचांनी पिवळं कार्ड दाखवलं. संघातल्याच एका ज्येष्ठ खेळाडूने मात्र आपल्या धर्मश्रद्धेचा आधार घेत या मोहिमेशी असहमती जाहीर केली. म्हणजे एकाच पत्राचा अर्थ एकाच ड्रेसिंग रूममध्ये दोन प्रकारे लागत होता. मला यात काही वाईट वाटत नाही. ज्या वचनावर आता भांडण होत नाही ते बहुधा भिंतीवरच्या फोटोत गेलेलं असतं, हार घालून.

२०२३ मध्ये उलटं झालं. एका सामन्यानंतरच्या दंगलीमुळे कोर्टाने साओ जानुआरिओ प्रेक्षकांसाठी बंद केलं. दंगल खरी होती, शिक्षाही समजण्यासारखी. पण कागदपत्रांत कारण म्हणून शेजारच्या बारेरा दो वास्को या गरीब वस्तीचाही उल्लेख आला. क्लब आणि वस्तीतले लोक चिडले ते त्या उल्लेखावर. गुन्हा कुणाचा हे ठरवताना शेजारी कोण राहतं हे का लिहायचं? शंभर वर्षांपूर्वी 'सामाजिक स्थिती'ची चौकशी होती, आता पत्त्याची.

आणि सगळ्यांत अवघड हप्ता अजून यायचाय असं मला वाटतं. २०२२ मध्ये क्लबच्या फुटबॉल कंपनीचा ७० टक्के हिस्सा एका अमेरिकी गुंतवणूक कंपनीला विकला गेला. मे २०२४ मध्ये, म्हणजे पत्राच्या शताब्दीच्या वर्षात, कोर्टाने त्या कंपनीचं नियंत्रण काढून घेतलं. शेअर विकता येतात. पण १९२४ चं पत्र कुणाच्या ताळेबंदात धरायचं? मालमत्तेच्या बाजूला लिहिलं तर त्याची जाहिरात होईल, टी-शर्टवर छापून विकलं जाईल. ते देण्याच्या बाजूलाच लिहायला हवं. आणि देणी विकत घ्यायला सहसा कुणी उत्सुक नसतं.

आता नावाकडे परत येतो. या सगळ्याने जहाजावरच्या त्या यात्रेकरूंचा हिशेब चुकता झाला का? नाही. एकाचं देणं दुसऱ्याला फेडून फिटत नाही. दर्यावर्दी वास्को १५२४ मध्ये कोचीनला मेला. त्याच्या मृत्यूला चारशे वर्षं होत असताना त्याच्या नावाच्या क्लबने एक बरं पत्र लिहिलं, यामुळे तो माणूस तसूभरही बरा होत नाही. त्याला उजळ करायचं कामही क्लबने अंगावर घेऊ नये. पण साओ जानुआरिओच्या पायऱ्यांवर एखादी काळी मुलगी 'वास्को' असं ओरडते, तेव्हा ती त्या दर्यावर्दीला हाक मारत नसते. नाव तिचं झालेलं असतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि दोन्ही खऱ्या आहेत म्हणून एकीने दुसरीला पुसायचं कारण नाही. नावं बदलावीत की ठेवावीत यावर आपण पुष्कळ भांडतो. नाव ठेवणाऱ्यांनी त्या नावाने पुढे काय केलं, हा प्रश्न त्या भांडणात सहसा मागे पडतो.

त्या एक पानी पत्रात बारा खेळाडूंची नावं नाहीत. त्यांचा आकडा आहे फक्त. खाली सही आहे ती अध्यक्षांची. ज्यांची लायकी 'सही करता येते का' यावर तपासली जात होती, त्यांच्यातल्या एकाचीही सही त्या कागदावर नाही. त्यांच्या वतीने कुणीतरी केली. पत्र मोठं आहेच. पण ते बारा जण स्वतः काय लिहिते, हे वाचायची उत्सुकता मला त्या पत्राहून जास्त आहे.